टाकायचं पाणी, ठेवायचा रस

आमच्याकडे आरओची दोन यंत्रं आहेत. एक पुण्याच्या फ्लॅटमध्ये, ओट्याच्या वर भिंतीला अडकवलेलं, जसं आता तिथे घरोघरी असतं. दुसरं इथे व्हरमाँटमध्ये, घरामागच्या लाकडी शेडमध्ये. दोघांच्या पोटात एकाच जातीचा पडदा. पाण्याला पलीकडे जाऊ देतो आणि त्यात विरघळलेलं बाकी सगळं अलीकडे अडवून धरतो. पुण्यात पलीकडे गेलेलं पाणी आपण पितो आणि अलीकडे उरलेलं मोरीत किंवा फरशीच्या बादलीत सोडतो. इथे नेमकं उलटं. अलीकडे उरते ती मेपलच्या झाडाची साखर, ती ठेवायची, आणि शुद्ध पाणी बाहेर बर्फात सोडून द्यायचं.

हे समजायला केमिस्ट्रीची पदवी लागत नाही. माझ्याकडे ती आहे, आणि माझ्या नवऱ्याकडेही आहे. आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो, प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर. तेव्हाही बर्नरवर ठेवलेलं मी बघायचे आणि तो गप्पा मारायचा. लग्न झालं, न्यू जर्सीला आलो, मी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आणि तो केमिकल्सच्या विक्रीत, अशा नोकऱ्या करून दोघं निवृत्त झालो. मग इथे व्हरमाँटला आलो, ते माझ्या हट्टानं. त्याला न्यू जर्सीतल्या आयसेलिनपासून, तिथल्या देशी दुकानांपासून लांब जायचं नव्हतं. ताजी मेथी आणि चार मित्र यांच्याशिवाय माणूस जगूच कसा शकतो, हे त्याचं म्हणणं. वर्षभर तो रुसून होता. पण रुसला तरी आला, आणि त्याचं मला कौतुकही होतं.

मेपलचा रस मी पहिल्यांदा चाखला तो शेजाऱ्यांच्या बादलीतून. पाणीच होतं, पण साखरेच्या डब्यातला चमचा त्यात बुडवून काढल्यासारखं. त्या पाण्याचा पाक करायचा म्हणजे चाळीस बादल्या आटवायच्या तेव्हा एक हाती लागते. नवरा म्हणाला, "एवढ्या लाकडात आपल्या दोघांची चिता रचून होईल!" असले विनोद त्याला फार आवडतात. मला मात्र सांगलीजवळचं मामाचं गुऱ्हाळ आठवलं. चुलाणावरची ती प्रचंड काहील, वर येणारा फेस, आणि मामानं हातावर घातलेली गरम काकवी. मी ठरवूनच टाकलं. आमच्या आवारात मेपल होतेच. त्यांना छोट्या तोट्या ठोकल्या, बादल्या टांगल्या, शेडमध्ये भट्टी बांधून घेतली आणि त्यावर स्टीलचा मोठा उथळ पॅन बसवला.

पहिली काही वर्षं नुसत्या लाकडावर काढली. खांदे भरून यायचे. म्हणून हे छोटं आरओ यंत्र आणलं. त्यातून रस आधी काढला की पाणी बरंचसं निघून जातं आणि आटवायला थोडंच उरतं. इथले जुने लोक नाक मुरडतात, म्हणतात यंत्रानं चव जाते. मी त्यांना सांगते, चव आगीत तयार होते, यंत्र फक्त पाणी काढतं. वाद घालायला मला आवडतं आणि याबाबतीत माझं बरोबर असतं.

यंत्राला बाहेर पडणाऱ्या दोन नळ्या आहेत. एकीतून शुद्ध पाणी, दुसरीतून दाट झालेला रस. गंमत अशी की दोन्ही दिसायला सारखेच, काचेसारखे स्वच्छ. म्हणून रसाच्या नळीला मी लाल चिंधी बांधून ठेवली होती, माझ्यापुरती खूण; नवरा यंत्राला हातही लावायचा नाही. चिंधीवाली नळी पिंपात, दुसरी भिंतीतल्या भोकातून बाहेर बर्फात.

त्या वर्षी पाडवा रसाच्या ऐन हंगामात आला होता. पाडव्याला मी मेपलच्या साखरेच्या गाठी करते. पाक आणखी आटवायचा, घोटायचा, दोरा घालून साच्यात ओतायचा. रंग आपल्या गाठीसारखा पांढरा येत नाही, बिस्किटासारखा येतो, पण गुढीला छान दिसतो. मराठी मंडळातल्या बायका आधीपासून सांगून ठेवतात. रात्री कडक थंडी, सकाळी लख्ख ऊन, असा दिवस उजाडला आणि झाडं नुसती वाहायला लागली. हंगामातला सगळ्यात मोठा रस तो. मी सकाळी यंत्र जोडलं, चिंधीवाली नळी पिंपात सोडली, ती वर येऊ नये म्हणून तिच्यावर लाकडाची ढलपीही ठेवली, आणि आत गेले. आठवड्याचा बहिणीचा फोन होता. आम्ही दोघी बोलायला लागलो की घड्याळाकडे बघत नाही.

परत आले तेव्हा रस संपून यंत्र बंद पडलं होतं. पिंप नेहमीपेक्षा जास्त भरलेलं दिसलं. आज रस भरपूर, म्हणून मी खूशच झाले. पॅन भरला, भट्टी पेटवली.

पॅन उकळायला लागला, वाफ छपराला भिडली. पण फेस येईना. मेपलचा रस उकळताना दुधासारखा वर येतो, त्याला गप्प करायला लोण्याचा कण टाकावा लागतो. मी लोणी हातात घेऊन उभी, आणि फेसाचा पत्ता नाही. वासही येईना. नवरा मधे दोनदा डोकावून गेला, शेंगदाणे खात. "झालं का गं?" "अजून नाही." दुपार उलटली. लाकडं अर्ध्यावर आली. पॅनमधलं आटत होतं, मी पिंपातून भर घालत होते, आणि रंग काही धरत नव्हता. शेवटी मी पळीनं थोडं काढून फुंकून चाखलं.

गरम पाणी. निव्वळ गरम पाणी.

मी शेडच्या मागे गेले. भोकातून बाहेर आलेल्या नळीला लाल चिंधी होती. खाली बर्फात खड्डा पडला होता, कडेला गोठलेलं चकाकत होतं. मी वाकून तुकडा तोडला, जिभेवर ठेवला. गोड होता.

नवऱ्याला हाक मारली. तो आला, त्यानं नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तूच लावल्यास ना नळ्या सकाळी?"

"हो. पण नीट लावल्या होत्या. मी ढलपीसुद्धा ठेवली होती."

"मग?"

"तू आला होतास का इकडे?"

"मी? मी गॅरेजमध्ये होतो यार. सकाळी शेडकडे फिरकलोसुद्धा नाही." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. वय होतंय आता आपलं."

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. शेवटची काही वर्षं आई आम्हाला ओळखत नव्हती. पण ते सुरू कसं झालं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे आले होते. आईनं चहा टाकला, छान उकळला, कपात गाळला आणि ट्रे बाहेर आणला. कपात नुसतं गरम पाणी होतं. साखर नाही, पत्ती नाही, दूध नाही. आणि ती हसून सगळ्यांना म्हणत होती, "घ्या ना, गार होतोय."

मी भट्टीजवळ बसले. दिवसभर मी पाणी उकळत होते. अगदी मन लावून, लोणी हातात घेऊन. आईच्या कपातला चहा मला दिसत होता, आणि इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नवऱ्याला आईचं सगळं माहीत होतं. तो ट्रे त्यानं स्वतः आईच्या हातातून घेतला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

त्या वर्षी गाठी झाल्या नाहीत. मंडळातल्या बायकांना मी सांगितलं की रस नासला. उरलेल्या हंगामात मी यंत्राला एकटीनं हात लावला नाही. नळ्या जोडायची आणि नवऱ्याला हाक मारायची, "जरा बघ रे, बरोबर आहे ना?" तो यायचा, बघायचा, मान हलवायचा. चाळीस वर्षं लॅबमध्ये मी दुसऱ्यांचं काम तपासलं, आणि आता दोन नळ्यांसाठी माझा नवरा माझा सुपरवायझर. गाडी चालवणं मी आपणहून सोडलं. न जाणो, अ‍ॅक्सिलरेटरची चिंधी कुठली आणि ब्रेकची कुठली हे विसरले तर? लेकीला फोनवर सांगून टाकलं. लेक व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असते, डेटा सेंटरमध्ये कामाला. ती एरवी माझ्याशी घाईत बोलते. त्या दिवसापासून सावकाश बोलायला लागली. "आई, डिड यू ईट? व्हॉट डिड यू ईट?" काय जेवलीस, ही चौकशी नव्हती, परीक्षा होती. मीही शहाण्या मुलीसारखी भाजी, आमटी, कोशिंबीर अशी उत्तरं द्यायचे आणि पास झाले की नाही याचा तिच्या आवाजावरून अंदाज घ्यायचे.

आणि नवरा? नवरा फार चांगला वागायला लागला. खरं सांगते, मला ते आवडायचं. सकाळचा चहा तो करायचा. गॅस बंद केला का, हे तो न बोलता जाऊन बघून यायचा. औषधांची वेळ सांभाळायचा. मी एखादा शब्द शोधत अडखळले की पटकन पुरवायचा. इतकं मऊ तो लग्न झालं तेव्हासुद्धा वागला नव्हता. संध्याकाळी सोफ्यावर बसून मी एकदा रडले, तर म्हणाला, "अगं टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याच्या शर्टाचा वास घेत मनात म्हटलं, निदान हा तरी आहे.

तपासणीला तोच घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती, हसरी होती. तिनं काही शब्द सांगितले, लक्षात ठेवायला. घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. गोल काढताना माझा हात घामेजला होता, पेन सटकत होतं. आकडे नीट बसतील ना, या काळजीनं मी आधी बारा, तीन, सहा, नऊ घालून घेतले, शाळेतल्यासारखे. बाहेर वेटिंग रूममध्ये नवरा मासिक चाळत बसला होता. मी बाहेर आले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्यानं माझा कोट धरला.

डॉक्टरीण म्हणाली, या वयाला सगळं उत्तम आहे. पण आईची हिस्टरी आहे, तर पुढच्या वर्षी पुन्हा बघू, आणि मधे काही वेगळं वाटलं तर कळवा. गाडीत नवरा म्हणाला, "बघ! उगाच घाबरत होतीस." तो खुशीत होता. मी मात्र 'उत्तम' विसरले आणि 'पुढच्या वर्षी पुन्हा' तेवढं घेऊन घरी आले. कारण नळी तर बाहेर होती. तपासणी चांगली आली म्हणून नळी आत येत नव्हती. ती मी तिथे ठेवली होती आणि मला ते आठवत नव्हतं, याचा दुसरा काही अर्थच लागत नव्हता. उन्हाळाभर मी स्वतःवर पाळत ठेवून होते. किल्ली ठेवताना मोठ्यानं म्हणायचे, "किल्ली इथे ठेवली." एकटी असतानाही.

दिवाळीच्या आधी आम्ही आयसेलिनला गेलो. फराळाचं सामान, मुलीला पाठवायला कंदील, आणि जुन्या मित्राकडे दुपारचं जेवण, हे दरवर्षीचं ठरलेलं. बायका स्वयंपाकघरात होत्या, पुरुष फॅमिली रूममध्ये. मी भज्यांची ताटली घेऊन आत निघाले. दारातच नवऱ्याचा आवाज कानावर पडला. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता आणि रंगात आला होता.

"अरे, पुण्याची सवय रे! तिथे गेलो की रोज त्या आरओचं वेस्ट पाणी मी बादलीत धरतो, फरशी पुसायला. तर मी शेडमध्ये गेलो आणि बघतो, ही एवढं स्वच्छ पाणी बाहेर सोडतेय! म्हटलं, काय बाई आहे ही! त्यात दुसऱ्या नळीला लाल चिंधी. लाल म्हणजे डेंजर, म्हणजे वेस्ट, बरोबर ना? दिल्या नळ्या बदलून. यार, सगळा पाक बर्फात! आणि ही दिवसभर पाणी उकळत बसली!"

सगळे हसले. एकानं तर टाळी दिली. हसता हसता कोणीतरी विचारलं, "मग वहिनींनी काय केलं?"

"तिला सांगतोय कोण! खाल्लं असतं तिनं मला."

यजमानांनी मला बघितलं. त्यांचं हसू एकदम थांबलं आणि त्यांच्या नजरेमागोमाग नवऱ्यानं मान वळवली.

'खाई त्याला खवखवे' म्हणतात. चूक करणाऱ्याला आतून टोचत असतं, झोप लागत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले. हा माणूस उन्हाळाभर रात्री माझ्या शेजारी घोरत होता. मी अंधारात डोळे उघडे ठेवून शंभरातून सात सात वजा करत होते आणि तो घोरत होता.

मी ताटली टेबलावर ठेवली. "गरम आहेत, घ्या," म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला, याचं मलाच नवल वाटलं. जेवायलाही बसले. श्रीखंड मागून घेतलं. ओरडायचं तर परक्याच्या घरी नको, एवढे संस्कार अजून शाबूत होते. निघताना ड्राइव्हवेमध्ये मी नवऱ्यापुढे हात केला. त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

न्यू जर्सी संपलं. मग त्यानंच सुरुवात केली.

"मी सांगणार होतो गं."

"कधी?"

"त्याच दिवशी. पण तू इतकी चिडली असतीस. पाडव्याचा रस होता. म्हटलं, दोन दिवस जाऊ दे. मग तू ते आईचं मनावर घेतलंस. मग सांगणं आणखी कठीण झालं."

"मी मनावर घेतलं?"

"तसं नाही म्हणत मी."

"मी लेकीला सांगितलं की माझी स्मरणशक्ती जातेय. तू शेजारी बसला होतास. फोन स्पीकरवर होता."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी ओरडत होते, हे मला नंतर कळलं. सगळं बाहेर पडलं. गाडी सोडली, यंत्र सोडलं, किल्लीशी बोलायला लागले, आरशात बघून आईचा चेहरा शोधायला लागले, आणि हे सगळं का, तर तुला माझी बोलणी ऐकायला नकोत म्हणून! चूक तर चूक. पाक काय, पुढच्या वर्षी पुन्हा झाला असता. चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग तुझ्या त्या पुणेरी बादलीवरून तुला जन्मभर चिडवलं असतं. हसलो असतो रे आपण. तू मित्रांमध्ये बसून जे हसलास ना, ते माझ्या हक्काचं होतं.

"म्हणून तर तुला टेस्टला नेलं," तो म्हणाला. "मला खात्री होती, तुला काही झालेलं नाही. डॉक्टरनं सांगितलं की तुझ्या मनातलं जाईल, असं वाटलं."

त्याला हा बचाव वाटत होता. त्याच्या चेहऱ्यावर चक्क आशा होती.

दोन्ही बाजूंची झाडं निष्पर्ण झाली होती. मग मला एक प्रश्न सुचला. तो मी ओरडून विचारला नाही.

"आणि डॉक्टरनं सांगितलं असतं की झालंय, तर?"

"म्हणजे?"

"घड्याळ चुकलं असतं माझं. घाबरलेच होते मी, चुकूही शकलं असतं. बाहेर येऊन मी तुला सांगितलं असतं, झालंय म्हणून. मग तू मला नळीचं सांगितलं असतंस?"

खोटं बोलायला त्याला भरपूर वेळ होता. एरवी विक्रीतला माणूस, उत्तर तोंडावर असायचं. पण त्या दिवशी त्यानं खरोखर विचार केला, आणि आमच्या सगळ्या संसारात इतक्या प्रामाणिकपणे तो माझ्याशी क्वचितच बोलला असेल.

"मग," तो म्हणाला, "मग मी तुला नीट सांभाळलं असतं. शेवटपर्यंत."

आणि ते खरं आहे, हे मला माहीत आहे. चहा करून दिला असता. औषधं वेळेवर दिली असती. माझ्या तोंडून निसटलेला शब्द पुरवला असता, लोकांना सांगितलं असतं की हिला आता आठवत नाही, आणि लोक म्हणाले असते, किती करतो हो तिचं. मीसुद्धा म्हटलं असतं.